भर दुपारच्या उन्हात जोडप्याचे फोटो: फ्लॅश विकत घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट फेब्रुवारीच्या मध्यात ठरलंय. मुलगी सकाळी पुण्याहून येणार, संध्याकाळी घरी कार्यक्रम, म्हणून हातात वेळ फक्त साडेअकरा ते अडीच. विचारणाऱ्याकडे एक फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) कॅमेरा बॉडी आणि ५० व ८५ मिमी अशा दोन लेन्स आहेत. मागच्या एका दुपारच्या शूटमध्ये दोघांच्याही डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आले, मुलाचं कपाळ पांढरंफटक पडलं, आणि एकमेकांकडे बघतानाच्या प्रत्येक फोटोत एक जण उजेडात तर दुसरा अंधारात. आता विचारणं असं की फ्लॅश कोणता घ्यावा?

फ्लॅशचं उत्तर देतोच, पण जरा पुढे. आणि ‘दुपारी शूट करूच नका, संध्याकाळी करा’ हे उत्तर मी देणार नाही. ते सगळ्यांना माहीत असतं. लग्नाच्या कामात वेळ आपण ठरवत नाही. गाडी, मुहूर्त, पार्लर आणि मुलीचे बाबा ठरवतात.

माझ्या मते ऊन कडक आहे ही अडचणच नाही. कॅमेऱ्याला भरपूर उजेड हवाच असतो. अडचणी दोन आहेत: ऊन वरून येतं, आणि समोर माणसं दोन आहेत. पहिल्या अडचणीवर ढीगभर व्हिडिओ सापडतील. दुसरीवर फारसं कोणी बोलत नाही, आणि तुमचे फोटो बिघडलेत ते मुख्यतः दुसरीमुळे. एकट्या माणसासाठी शिकलेली युक्ती तुम्ही दोघांवर वापरलीत.

आधी ‘वरून’ म्हणजे किती वरून ते बघू, कारण हे सगळं महिन्यावर अवलंबून आहे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो. ४५ अंश म्हणजे स्टुडिओत आपण मेन लाइट ज्या उंचीवर लावतो तोच कोन! म्हणून डिसेंबरातली नागपूरची दुपार मला वाईट वाटतच नाही. तुमच्या फेब्रुवारीच्या मध्यात तो ५६ अंशांपर्यंत जातो, मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास ६९ पर्यंत, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नवतप्याच्या (कडक उन्हाळ्याच्या नऊ दिवसांच्या) तोंडावर, अगदी डोक्यावर. त्या दिवसांत दुपारी उभ्या माणसाची सावली पायाखाली गडप होते. एप्रिल-मेत मी दुपारचं बाहेरचं काम घेतच नाही. तिथे फोटोचा नाही, माणसं चक्कर येऊन पडण्याचा प्रश्न असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असं नसतं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नागपूर ७९ अंशांवर, म्हणजे आपण थोडे मागे. फेब्रुवारीच्या मध्यात इथे सूर्य सर्वांत उंच असतो तो साडेबाराच्या आसपास. तिथून तो उतरायला लागतो आणि अडीचला परत ४५ अंशांवर येतो, नैर्ऋत्येला. म्हणजे तुमच्या तीन तासांपैकी सर्वांत चांगला उजेड शेवटच्या अर्ध्या तासात आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

हे अंश-बिंश मोजायला अ‍ॅप लागत नाही. जमिनीवर स्वतःची सावली बघायची. सावली तुमच्या उंचीएवढी किंवा जास्त असेल तर सरळ उन्हातही चेहरा चांगला येतो. उंचीच्या दोन-तृतीयांश असेल तर सांभाळून करायचं. अर्ध्याहून कमी असेल तर उन्हात तोंड करून कोणालाही उभं करू नका.

आता दोन माणसांकडे येऊ. एकटी मुलगी असेल तर मी तिला फिरवतो, हनुवटी जरा वर घ्यायला लावतो, डोळ्यांच्या खोबणीत उजेड शिरला की काम झालं. जोडपं एकमेकांकडे बघतंय म्हणजे चेहरे दोन विरुद्ध दिशांना. एकाला ऊन मिळालं की दुसऱ्याची पाठ उन्हाकडे. त्यात उंचीतला फरक. मुलगा सहा फूट, मुलगी सव्वापाच. तो तिच्याकडे बघायला मान खाली घालतो, त्याच्या कपाळाची सावली थेट ओठांपर्यंत उतरते. ती त्याच्याकडे बघायला मान वर करते, ऊन सरळ डोळ्यांत, डोळे बारीक. ‘तो खाली बघतोय, ती वर बघतेय’ ही सगळ्यांची आवडती पोझ भर दुपारी सगळ्यांत वाईट येते. तुमच्या मुलाचं पांढरं कपाळ आणि काळे डोळे यातूनच आलेत. फ्लॅश मारून ते थोडे झाकले गेले असते इतकंच.

यावर माझा उपाय दिशेचा आहे. दोघांना जोडणारी एक रेघ डोळ्यांपुढे आणा. ती रेघ उन्हाच्या दिशेला आडवी पाहिजे. दुपारी सूर्य दक्षिणेकडे, तर एक जण पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि तुम्ही उत्तरेला उभे राहून दक्षिणेकडे कॅमेरा. ऊन दोघांच्याही पाठीमागच्या बाजूनं येतं, केसांवर आणि खांद्यांवर सारखंच पडतं, आणि तुमच्याकडची बाजू दोघांचीही सारख्याच सावलीत. दोन्ही चेहऱ्यांना एकच एक्स्पोजर. एवढं साधलं की निम्मं काम आटोपलं. दोघं एकाच दिशेला बघत असतील, शेजारी शेजारी चालत असतील, किंवा ती पुढे आणि तो तिच्या खांद्यामागून डोकावत असेल, तरीही तेच: दोघांची तोंडं उन्हाच्या हिशेबात एकाच बाजूला.

पाठीमागून ऊन घेतलं तरी सूर्य उंच असल्यामुळे एक खोडी राहते. नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या उंचवट्यावर उन्हाचा एक पांढरा ठिपका बसतो. मोठ्या स्क्रीनवर तो आधी दिसतो, चेहरा नंतर. हनुवटी दोन बोटं खाली घ्यायला सांगा, ठिपका सरकत सरकत केसांच्या सावलीत जातो. बघत राहा, नेमका गेला की थांबवा. मुलगी खाली घेते तेव्हा मुलगा हमखास वर घेतो, म्हणून दोघांना वेगवेगळं सांगायचं, नाव घेऊन. आणि कपाळाला कपाळ लावायला लावू नका. मध्ये मूठभर जागा सोडा, नाहीतर एकाच्या नाकाची सावली दुसऱ्याच्या ओठांवर पडते आणि मिशा उगवल्यासारखं दिसतं.

उंचीतला फरक मोडून काढायला पायरी वापरा. मुलगी एक पायरी वर, किंवा तो कठड्यावर बसलेला आणि ती उभी. डोळे एका रेषेत आले की मान वाकवणं संपतं.

आता जागा. तुम्ही बहुतेक फुटाळा किंवा अंबाझरीचा विचार करत असाल, सगळेच करतात. दुपारी तलावावर जाऊ नका. काठावर सावली नाही हे तर आहेच, पण पाणीही दुपारी निर्जीव दिसतं. पाण्यावर चमचम दिसायला सूर्य खाली लागतो. तो ५६ अंशांवर असताना त्याचं प्रतिबिंब तुमच्या पायांजवळच्या पाण्यात पडतं, दूरवरचं पाणी मातकट, सपाट दिसतं. तलाव संध्याकाळचा.

मला दुपारी पाहिजे असते एक उत्तरेकडची भिंत आणि तिच्यासमोर एक सिमेंटचा रस्ता. सूर्य दक्षिणेला म्हणजे भिंतीची सावली उत्तरेला. पंधरा फुटी भिंत डिसेंबरात पंधरा फूट सावली देते, तुमच्या तारखेला दहा, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सहाच्या आत. दहा फूट पट्टा पुरे. दोघांना भिंतीला चिकटवून उभं करू नका. सावलीच्या कडेकडे आणा, पण डोकंही सावलीत राहील इतकं आत, म्हणजे बुटांची टोकं उन्हाच्या रेघेपासून चार-पाच फूट आत, तोंड बाहेर, उत्तरेकडे. समोर उन्हात तापलेला सिमेंटचा रस्ता. नागपुरात सिमेंट रस्त्यांना शिव्या घालणारे खूप आहेत, उन्हाळ्यात मीही घालतो, पण फोटोग्राफरसाठी ते रस्ते म्हणजे कोणी न धरता जमिनीवर पसरलेले रिफ्लेक्टर आहेत. डांबर उजेड गिळतं, फिकट सिमेंट तो परत वर फेकतं.

सिव्हिल लाइन्समध्ये अशा जागा सहज सापडतात: जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडच्या भिंती, मोठी झाडं, रुंद रस्ता, रविवारी वर्दळ कमी. तिथे एखाद्याला उभं करून डोळ्यांत जवळून बघा. बुबुळाच्या खालच्या भागात रस्त्याची एक पांढरी आडवी पट्टी दिसेल, वरच्या भागात आकाश. खालच्या पापणीखालची काळी छटा नाहीशी झालेली असते. हे काम कुठलाही छोटा फ्लॅश इतक्या मऊपणे करत नाही. यात तुम्ही स्वतः उन्हात आणि ते दोघं सावलीत, पण त्याला इलाज नाही; टोपी घाला आणि लेन्सला हूड लावा. रस्त्यात उभं राहून शूट करताना एक माणूस गाड्यांवर नजर ठेवायला ठेवा.

जमिनीचा रंग हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. हिरवळीवर उभं केलं की हनुवटीखाली हिरवट झाक येते, विटांच्या फरशीवर तांबूस. आणि संत्र्याची बाग! काटोल-कळमेश्वरकडच्या बागांचा आग्रह हल्ली प्रत्येक जोडप्याचा असतो. फेब्रुवारीत मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फळं झाडावर मिळू शकतात, रंगही छान, त्यामुळे नाही म्हणवत नाही. पण तिथली जमीन काळी. काळी माती खालून काहीच उजेड देत नाही, झाडं बुटकी आणि दाट, वरून पानांतून आलेला उजेड हिरवा. डोळे आणखी खोल जातात. तिथे मी फ्रेमच्या बाहेर, दोघांच्या पायांपुढे पांढरी चादर अंथरतो. कडेला दगड ठेवायचे, नाहीतर वाऱ्यानं उडते. बागमालकाला आधी फोन, आणि फळाला हात लावायचा तर विचारून.

झाडांच्या सावलीबद्दल एकच नियम: ठिपके पडत असतील तर ती सावली नाही. कडुनिंब, चिंच, बाभूळ यांच्याखाली चेहऱ्यावर कवडसे पडतात, आणि एका गालावरचा कवडसा एडिटिंगमध्ये काढताना रात्र जाते. आंबा, वड चालतात. सेमिनरी हिल्ससारखं पानझडीचं रान डिसेंबरात सुंदर असतं, पण फेब्रुवारी सरता सरता पानं गळायला लागतात आणि मार्च-एप्रिलला डोंगर बोडका. आधी जाऊन बघून या, तेही दुपारी साडेबारालाच. सकाळी आठला केलेली पाहणी दुपारी काही कामाची नाही. बागेत, उद्यानात किंवा वन विभागाच्या जागेत शूट असेल तर परवानगीचं आधीच विचारून ठेवा; नवरी नटूनथटून गेटवर उभी आणि चौकीदार आत सोडत नाही, असं होऊ नये.

कॅमेऱ्याचं गणित सोपं आहे. निरभ्र उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ १६ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तसं छिद्र लहान) आणि १/१०० सेकंद शटर, हा जुना ‘सनी सिक्स्टीन’चा नियम. तोच एफ ४ वर आणला की १/१६००. ऊन पाठीमागे घेतलं की चेहरा उन्हापेक्षा दोन-अडीच स्टॉप खाली असतो (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एफ ४ ला साधारण १/४०० ते १/३००. सुरुवात इथून करा, मग हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) बघून हलवा. एफ १.८ चा मोह टाळा. ८५ च्या लेन्सनं दहा फुटांवरून एफ १.८ ला फोकसची खोली पाचेक इंच मिळते. ती पुढे, तो मागे उभा असेल तर एक जण धूसर झालाच. एफ ४ ला तीच खोली फूटभर होते. दोघांसाठी एफ ४, कधी ५.६. मागचं धूसर हवं असेल तर पार्श्वभूमी दूर निवडा.

पार्श्वभूमी गडद घ्या. चेहऱ्याला धरून एक्स्पोजर दिलं की उन्हातली भिंत किंवा आकाश जळतं. मागे झाडांची सावलीतली बाजू असेल तर केसांची सोनेरी कडही उठून दिसते. जरीकाठ चमकला, दागिना चमकला, तर चमकू द्या. गाल आणि कपाळ जळता कामा नये. आणि मागच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. भर उन्हात स्क्रीन अंधारी दिसते, माणूस घाबरून एक्स्पोजर वाढवतो आणि घरी गेल्यावर सगळं पांढरं. व्ह्यूफाइंडरमधून बघा, नाहीतर डोक्यावरून दुपट्टा घेऊन त्यात स्क्रीन बघा. इथे प्रत्येकाकडे असतोच.

दोघांच्या रंगात फरक असेल तर एक्स्पोजर उजळ चेहऱ्याला सांभाळून ठेवा आणि सावळ्या चेहऱ्याला उजेडाच्या बाजूला घ्या, म्हणजे रस्त्याच्या किंवा रिफ्लेक्टरच्या जवळ. सावळ्याला गोरं करून देऊ नका, मग आत्याबाई काहीही म्हणोत. त्या मुलीचा तो रंग आहे, आणि चांगल्या उजेडात तो फार देखणा दिसतो.

रिफ्लेक्टरबद्दल. पाच-इन-वन (एकातच पांढरी, चंदेरी अशा पाच बाजू असलेला) घेतला असेल तर चंदेरी बाजू दुपारी जवळून वापरू नका. दोघांचेही डोळे मिटतात, आणि कमरेखालून मारला तर चेहरे भुताच्या सिनेमातल्यासारखे दिसतात. पांढरी बाजू, छातीच्या उंचीवर, दोघांच्या बरोब्बर मध्ये समोर. एका बाजूनं धरला की जवळच्याला मिळतो आणि लांबच्याला नाही, हा परत दोन माणसांचाच प्रश्न. चंदेरी वापरायचाच असेल तर बारा-पंधरा फूट लांबून, डोक्याच्या वरच्या उंचीवरून, आणि त्यांनी त्याच्याकडे बघायचं नाही.

सावली कुठेच नसेल तर पातळ पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा, सहा बाय सहा फूट, दोन बांबूंना शिवून घ्या. धोतराचं कापड उत्तम. दोन माणसं ते दोघांच्या डोक्यावर, फ्रेमच्या जस्ट बाहेर धरतात. ऊन मऊ होतं, उजेड दीडेक स्टॉप कमी होतो. मागचं मात्र तितकंच उन्हात राहतं, म्हणून इथेही पार्श्वभूमी गडदच पाहिजे. मुलीची ओढणी दोघांवर धरून फोटो काढायची टूम आहे, ती चांगली आहे, फक्त ओढणी पांढरी किंवा फिकट पिवळी असू द्या. लाल ओढणीखाली दोघंही ताप आल्यासारखे दिसतात.

कपड्यांचं त्यांना आधीच सांगून ठेवा. मुलाचा पांढरा किंवा मोतिया कुर्ता हा मुलीच्या चेहऱ्यासाठी रिफ्लेक्टर असतो. ती त्याच्या छातीजवळ आली की हनुवटीखाली आपोआप उजेड येतो. उलट तिचा लालभडक घागरा त्याच्या जबड्यावर लाल झाक मारतो. घाम आला तर टिश्यू दाबायचा, पुसायचा नाही, मेकअप निघतो.

डोळे बारीक होण्यावर एकच उपाय मला लागू पडलाय. ‘डोळे नाही उघडून राहिले ना भाऊ,’ असं दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतंच. मग मी म्हणतो, ‘ताई, दादा, दोघंही डोळे मिटा. शांत उभे राहा. मी तीन म्हणतो तेव्हा उघडा आणि एकमेकांकडे बघा.’ मिटल्या डोळ्यांनी चेहरा सैल पडतो, उघडल्यावर दोन सेकंद डोळे पूर्ण उघडे राहतात आणि नेमकं तेव्हाच दोघांना हसू येतं. तेवढ्यात तीन-चार फ्रेम घ्यायच्या. लगेच परत मिटायला सांगायचं. उन्हात सलग उभं ठेवू नका, दोन-तीन मिनिटं झाली की सावलीत न्या. पाणी, ताक, एक मोठी छत्री गाडीत हवीच.

आता फ्लॅश. तुमचा कॅमेरा फ्लॅशसोबत बहुधा १/२०० किंवा १/२५० पर्यंतच जातो. सरळ उन्हात १/२०० ला आयएसओ १०० वर एफ ११ लागतो. एफ ११ ला दिसण्याइतका उजेड टाकायचा म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश फुल पॉवरवर, जवळून, छत्री-सॉफ्टबॉक्स न लावता. बॅटरी तापते, फ्लॅश पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, जोडपं ताटकळतं. हाय-स्पीड सिंक लावलं की शटर वाढवता येतं, पण फ्लॅशची ताकद साधारण दोन स्टॉप पडते. त्यापेक्षा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लेन्सला लावून १/२०० वरच राहिलात तर एफ ४ मिळतो आणि उन्हाच्या तुलनेत फ्लॅशचा जोर घटत नाही; पॉवर मात्र फुलच लागते.

जोडप्यासाठी फ्लॅश बाजूला लावताना अंतर मोजा. चार फुटांवरच्या माणसाला सहा फुटांवरच्यापेक्षा सव्वादोनपट उजेड मिळतो. म्हणून तो समोर, मध्यभागी, जरा उंच, किंवा बाजूला असेल तर लांब. लांब नेलं की ताकद जास्त लागते. २०० वॉट-सेकंदाचा हेड (स्टँडवर लावायचा मोठा फ्लॅश) सावलीत किंवा पाठीमागून ऊन असताना अर्ध्या अंगाच्या फ्रेमला पुरतो. सरळ उन्हात सॉफ्टबॉक्ससकट पूर्ण उंचीच्या दोघांसाठी ६०० च्या घरातला लागतो, आणि तो वाऱ्यात धरायला एक धडधाकट माणूस.

हे सगळं तुमच्या तीन तासांत कसं बसवायचं ते सांगतो. साडेअकरा ते सव्वाबारा उत्तरेच्या भिंतीजवळ, जवळचे चेहरे, दोघं आणि एकेकटे. सव्वाबारा ते एक, सूर्य सर्वांत वर, तेव्हा बाहेर काहीच करू नका. कोणाच्या तरी जुन्या घराचा व्हरांडा असेल तर दारातले फोटो, नाहीतर कपडे बदलणं आणि जेवण. एक ते पावणेदोन झाडांची गडद बाजू मागे घेऊन, ऊन पाठीमागे. मग जागा बदला. दोन ते अडीच मोकळी जागा, सावली जवळजवळ उंचीएवढी, ऊन नैर्ऋत्येकडून. इथे लपणं सोडा. दोघांना हातात हात घालून नैर्ऋत्येकडे चालू द्या, तुम्ही समोरून, उन्हाकडे पाठ करून. कडक सावल्या, खरे रंग, पैठणीचा काठ न् काठ दिसतो. दुपारचे असे दोन-चार फोटो अल्बममध्ये लागतात. सगळाच अल्बम मऊ उजेडाचा असला की झोप येते.

यासाठी नवा फ्लॅश लागत नाही. पैसे असतीलच तर त्या दिवशी दोन मदतनीस घ्या, एक कापड-रिफ्लेक्टरला आणि एक सामान-गाड्यांकडे बघायला. मार्चनंतरची दुपारची कामं वारंवार येणार असतील तर आधी २०० चा हेड दिवसभरासाठी भाड्यानं आणून वापरून बघा, मग ठरवा. आणि मुलाला आजच फोन करून एवढं विचारा, चष्मा आहे का, आणि असेल तर तो उन्हात काळा होणारा आहे का. तसा असेल तर सावलीत आल्यावरही काही मिनिटं काचा काळ्याच राहतात आणि भिंतीजवळची सगळी मेहनत वाया जाते. साध्या काचांचा जुना चष्मा असेल तर तो आणायला सांगा. नसेल तर एखादी रिकामी फ्रेम, काचा काढलेली. फोटोत कोणालाही कळत नाही.